शियानो नको, मग कोण? टेनेसी फुटबॉलच्या २०१७ मधल्या कोच-शोधाचं प्रकरण

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये नोव्हेंबर उजाडला की कोच हाकलायचा सीझन सुरू होतो, आणि कुठल्याही टीमच्या फॅन्समध्ये 'पुढचा कोच कोण' यावरून जुंपली की कोणीतरी २०१७ च्या टेनेसीचं नाव काढतंच. काही जण म्हणतात बघा, फॅन्स एकत्र आले तर काय करू शकतात. काही जण म्हणतात बघा, फॅन्सच्या नादी लागलं की काय वाटोळं होतं. गंमत म्हणजे दोन्ही बाजू तोच एक रविवार दाखवतात, २६ नोव्हेंबर २०१७, ज्या दिवशी टेनेसी ग्रेग शियानोला कोच म्हणून घेणार होती आणि फॅन्सच्या गोंधळामुळे रात्रीपर्यंत माघार घेतली, आणि बहुतेक वेळा गोष्ट त्या रविवारपाशीच थांबवतात. मला वाटतं खरं प्रकरण त्याच्या आधीच्या दहा वर्षांत आणि नंतरच्या पाच वर्षांत आहे, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

ज्यांना या खेळाशी काही घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही, हेल्मेट-पॅडवाला अमेरिकन. आणि कॉलेज म्हटलं म्हणून इंटर-कॉलेजिएट वगैरे किरकोळ समजू नका, नॉक्सव्हिलमधल्या टेनेसी विद्यापीठाच्या नीलँड स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणूस बसतो, टेनेसी नदी शेजारूनच वाहते त्यामुळे काही लोक चक्क बोटीतून मॅचला येतात. अमेरिकेत एमएस करायला गेलेल्या आपल्या पोरांना विचारा, अशा गावात शनिवारी मॅच असेल तर दूध आणायला गाडी काढायची पण चोरी असते. कोचला वर्षाला कित्येक लाख डॉलर मिळतात, आणि विद्यापीठ सरकारी असल्यामुळे बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे फुटबॉलचा कोच असतो, गव्हर्नर नाही. कोच निवडतो अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, सही करतो चॅन्सलर, आणि मागून फोन फिरवतात बूस्टर म्हणजे कोट्यवधीच्या देणग्या देणारे लोक. फॅन्सना या साखळीत कुठेच जागा नाही, तिकीट काढायचं आणि ओरडायचं एवढंच.

आता टेनेसीचं दुखणं काय होतं ते बघू. फिलिप फुल्मर नावाचा माणूस, स्वतः टेनेसीचाच जुना खेळाडू, १९९२ पासून कोच, १९९८ ला त्याने नॅशनल चॅम्पियनशिप जिंकून दिली. मग हळूहळू उतरण लागली आणि २००८ ला त्याला काढलं. त्यानंतर आला लेन किफिन, तरुण, तोंडाळ, लोकांना आवडलेला, तो एक सीझन करून जानेवारी २०१० मध्ये कॅलिफोर्नियाला यूएससी या कॉलेजकडे पळाला, त्या रात्री कॅम्पसवर पोरांनी गाद्या जाळल्या. मग डेरेक डूली, तीन वर्षं, १५ जिंकल्या २१ हरल्या. मग २०१३ ला बुच जोन्स. जोन्सने सुरुवात बरी केली, पोरं चांगली गोळा केली, पण २०१६ ला पहिल्या पाच मॅच जिंकून सगळ्या राज्याला स्वप्नं दाखवली आणि मग डिव्हिजन म्हणजे गटातलं पहिलं स्थान हातचं घालवलं, वर व्हँडरबिल्टकडून हरला, आणि त्याच सुमारास प्रेससमोर म्हणाला की आमच्या सीनियर पोरांनी आयुष्याची चॅम्पियनशिप जिंकलीय. हे वाक्य त्याला शेवटपर्यंत नडलं. हरणाऱ्या कोचने तत्त्वज्ञान सांगू नये, लोक हरलेलं विसरतात पण वाक्य विसरत नाहीत.

या सगळ्या काळात फॅन्सच्या डोक्यात एक भूत होतं, जॉन ग्रूडन. सुपर बोल म्हणजे प्रो लीगची फायनल जिंकलेला कोच, तेव्हा टीव्हीवर सोमवार रात्रीच्या मॅचची कॉमेंट्री करायचा. ऐंशीच्या दशकात तो टेनेसीत ज्युनियर असिस्टंट होता आणि त्याची बायको याच कॉलेजची, एवढ्या दोन धाग्यांवर लोकांनी अख्खं महावस्त्र विणलं. कोचची जागा रिकामी झाली की 'ग्रूडन येतोय' सुरू, विमानं ट्रॅक करणं काय, कुठल्या हॉटेलात दिसला याच्या खबरा काय, घर बघतोय म्हणे काय. तो यायची शक्यता किती होती हा प्रश्नच नाही, मुद्दा असा की त्यामुळे बाकी कुठलंही नाव आलं तरी ते 'ग्रूडन नाही' याच मापात मोजलं जायचं. (तो शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रेडर्स या प्रो टीमकडे गेला, दहा वर्षांचा दहा कोटी डॉलरचा करार. कॉलेजच्या नोकरीत त्याला काडीचा रस नव्हता असं तेव्हा म्हणणाऱ्यांना लोक वेड्यात काढायचे.)

२०१७ चा सीझन म्हणजे धिंडवडे. फ्लोरिडाविरुद्ध शेवटच्या सेकंदाला ६३ यार्डांचा लांब पास झाला आणि हरले. जॉर्जियाने घरच्या मैदानावर ४१-० ने धुतलं. ११ नोव्हेंबरला मिसूरीने ५०-१७ हाणलं आणि दुसऱ्या दिवशी जोन्सला काढलं, त्याला घरी पाठवायला ८० लाख डॉलरच्या वर मोजावे लागणार होते. २५ नोव्हेंबरला व्हँडरबिल्टकडून परत हार, ४-८ म्हणजे चार जिंकल्या आठ हरल्या, कॉन्फरन्समध्ये म्हणजे आपल्या लीगमधल्या कॉलेजांविरुद्ध आठपैकी शून्य. टेनेसीच्या इतिहासात आठ मॅच हरलेला सीझन त्याआधी एकही नव्हता.

आता शोध कोणाच्या हातात होता? अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जॉन करी, कॅन्सस स्टेटमधून त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेला. चॅन्सलर बेव्हर्ली डेव्हनपोर्ट, त्या पण त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या. म्हणजे दोघंही नवे. आणि करीच्या खुर्चीसाठी इच्छुक कोण होता माहितीये? फिलिप फुल्मर. बऱ्याच फॅन्सना तोच हवा होता. तेव्हा करी आला तोच मुळी 'आम्हाला न विचारता आणलेला माणूस' म्हणून, त्याने पुढे काही चांगलं केलं तरी हा शिक्का गेला नाही.

आणि चांगलं केलंही होतं. विद्यापीठाने मुलींच्या टीम्सचं 'लेडी व्हॉल्स' हे नाव बास्केटबॉल सोडून बाकी खेळांतून काढून टाकलं होतं, त्यावर लोक दोन-तीन वर्षं भांडत होते, सह्या, मोहिमा, आमदारांची भाषणं सगळं झालं, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये करी-डेव्हनपोर्टने ते नाव परत आणलं. सगळे खूश. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो आणि या प्रकरणावर बोलताना तो सहसा कोणी काढत नाही. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी फॅन्सना कळलं होतं की पुरेसा आवाज केला की हे विद्यापीठ वाकतं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी तेच केलं, फक्त वर्षांऐवजी तासांत.

रविवार

रविवारी दुपारी बातमी फुटली की टेनेसी ओहायो स्टेटचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाची बाजू सांभाळणारा असिस्टंट कोच) ग्रेग शियानो याला घेतंय, जवळजवळ पक्कं. त्याच दिवशी फ्लोरिडाने, ज्यांच्याशी जन्माचं वैर, डॅन मलनला उचललं होतं, ज्याचं नाव टेनेसीच्या लोकांच्या पण यादीत होतं. आदल्या दिवशी चिप केली यूसीएलएला गेला होता. म्हणजे बाजारातली मोठी नावं एकेक उठत होती आणि ग्रूडनची वाट बघणाऱ्या लोकांच्या हातात आलं कोण, तर शियानो.

फुटबॉलच्या हिशोबाने शियानो कसा होता? ठीकठाक पण भव्य नाही. रटगर्ससारख्या कायम मार खाणाऱ्या कॉलेजला त्याने २००६ ला ११-२ पर्यंत नेलं, हे खरंच मोठं काम होतं. मग प्रोमध्ये टॅम्पा बेला दोन वर्षं, ११ जिंकल्या २१ हरल्या, खेळाडूंशी फार कडक वागतो अशी ख्याती घेऊन बाहेर. आणि तीन आठवड्यांपूर्वीच आयोवाने त्याच्या ओहायो स्टेटवर ५५ गुण ठोकले होते. यावर फॅन्स नाराज होणं अगदी साहजिक, नाराज झालेच असते, चार दिवस शिव्या घातल्या असत्या आणि सप्टेंबरमध्ये परत तिकीट काढून आले असते.

पण दुसरी गोष्ट होती. शियानो १९९० ते ९५ पेन स्टेट या कॉलेजमध्ये असिस्टंट होता. तिथला जेरी सँडस्की, लहान मुलांवर अत्याचार केल्याबद्दल २०१२ मध्ये ४५ आरोपांत दोषी ठरला, तो याच काळात तिथे कोच होता. २०१६ मध्ये एका दिवाणी खटल्यातली जबानी उघड झाली, त्यात माइक मॅक्वेरी नावाच्या माजी असिस्टंटने सांगितलं होतं की मला दुसऱ्या एका कोचने सांगितलं होतं की शियानोने त्याला सांगितलं होतं की त्याने सँडस्कीला एका मुलाबरोबर काहीतरी करताना पाहिलं. वाक्य मुद्दाम असं लिहिलंय, कारण आहेच ते असं, तिसऱ्या तोंडचं. शियानोने लगेच नाकारलं, तो मधला कोच पण म्हणाला असं काही झालं नाही. शियानोवर कधी आरोपपत्र नाही, पेन स्टेटच्या मोठ्या चौकशी अहवालात त्याचं नाव नाही, त्याला कुठे साक्षीलाही बोलावलं नव्हतं.

तर ही जबानी सव्वा वर्ष पब्लिक होती, ओहायो स्टेटमध्ये तो आरामात काम करत होता, कोणाला काही पडलं नव्हतं. रविवारी दुपारी ती एकदम सगळ्यांच्या फोनवर आली. कॅम्पसवर एक मोठा दगड आहे, नावच 'द रॉक', त्यावर पोरं वाढदिवसापासून प्रेमापर्यंत काहीही रंगवतात, त्यावर शियानोने पेन स्टेटमधला अत्याचार दडपला असं थेट लिहून टाकलं. स्टेडियमबाहेर घोळका जमला. राज्याच्या विधिमंडळातल्या काही आमदारांनी जाहीर विरोध केला, सरकारी विद्यापीठ, बजेट यांच्याच हातून जातं, म्हणजे त्या ट्वीटला वजन होतं. देणगीदारांचे फोन सुरू झाले ते वेगळेच. संध्याकाळपर्यंत सौदा फिसकटला. करारनाम्याच्या आधीच्या कागदावर करी आणि शियानोच्या सह्या झाल्या होत्या, चॅन्सलरची सही बाकी होती, ती झालीच नाही.

दुपारी बातमी, रात्री माघार. असं याआधी एवढ्या मोठ्या कॉलेजात कधी झालेलं मला तरी आठवत नाही.

मग हे बरोबर होतं की चूक? इथे लोक दोन टोकं पकडतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणतात ही झुंडशाही, एका माणसाला ऐकीव गोष्टीवर बदनाम केलं. दुसरे म्हणतात ही नैतिक भूमिका होती. अरे, नैतिक भूमिका असती तर ती सगळ्यांची एकाच तीव्रतेची का होती? त्या दिवशी जे चिडले होते त्यात तीन प्रकारचे लोक होते असं मला वाटतं, आणि ते एकाच गर्दीत उभे होते म्हणून वेगळे ओळखू आले नाहीत. काहींना खरंच पेन स्टेटचा विषय सहन होत नव्हता, आणि त्यांना कारण होतं, टेनेसीनेच २०१६ मध्ये आठ बायकांचा एक खटला २४.८ लाख डॉलर देऊन मिटवला होता, आरोप असा की खेळाडूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठाने नीट हाताळल्या नाहीत. त्या जखमेवर सव्वा वर्षात कोणी असं नाव आणून ठेवेल, चौकशी केलीय का नाही हेही न सांगता, तर लोक भडकणारच. दुसरे होते ज्यांना फक्त चांगला कोच हवा होता, शियानो त्यांना भिकार वाटत होता, आणि पेन स्टेटचा मुद्दा हातात आयता मिळाला. आणि तिसरे, आणि मला वाटतं हेच सगळ्यात जास्त, ज्यांचं भांडण शियानोशी नव्हतंच, करीशी आणि त्याच्यामागच्या पैसेवाल्यांशी होतं. आम्ही दहा वर्षं हरतोय, आम्ही तिकिटं काढतोय, आणि तुम्ही बंद खोलीत ठरवता, हे ते भांडण.

तिसऱ्या गटाचं म्हणणं मला पटतं. दुसऱ्या गटाने जे हत्यार वापरलं ते नीच होतं. 'हा माणूस आमच्या लायकीचा कोच नाही' असं म्हणायची सोय होती, त्यासाठी त्याला बाल-अत्याचार लपवणारा म्हणून दगडावर रंगवायची गरज नव्हती. आणि एकदा तो रंग लागला की मग कितीही खुलासे करा.

खुलासा आला पण सोमवारी. करीने सांगितलं की आम्ही पूर्ण छाननी केली होती, चौकशी अहवाल तपासला, त्यात चारशेहून जास्त लोकांच्या मुलाखती झाल्या होत्या त्यात शियानो नव्हता, त्याच्या आजी-माजी बॉसेसनी उत्तम शिफारस केली होती, वगैरे. सगळं मुद्देसूद. मग बाबा रे हे शनिवारी रात्री का नाही तयार ठेवलं? पेन स्टेटचं नाव रिझ्युमेवर छापलेलं आहे, प्रश्न येणार हे शेंबड्या पोराला पण कळेल. बातमी फुटायच्या आधी दोन आमदार, चार जुने खेळाडू, गावातले पाच-सहा पत्रकार यांना फोन करून सांगितलं असतं की हे नाव येतंय, हा आक्षेप येईल, हे आमचं उत्तर, तर कदाचित निकाल तोच लागला असता पण इतका वेडावाकडा नाही. मला विचाराल तर करीची चूक शियानो निवडणं ही नव्हतीच, आपण परक्या गावात आहोत आणि आपल्या खात्यात विश्वास शून्य आहे हे त्याला उमगलं नाही, ही होती.

पुढचा आठवडा

पुढचे पाच दिवस म्हणजे तमाशा. मंगळवारी करी ओक्लाहोमा स्टेटच्या माइक गंडीला भेटला, तो नाही म्हणाला. मग पर्ड्यूचा जेफ ब्रोम, झालं झालं म्हणेपर्यंत तेही नाही. मग नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा डेव्ह डोरेन, त्याने टेनेसीचं नाव वापरून आपल्याच कॉलेजकडून नवा करार काढला. चार ठिकाणी फिसकटलेलं स्थळ म्हटलं की पाचवी पार्टी आधी विचारते, भानगड काय आहे, तसं झालं होतं. कोणता कोच त्या आगीत हात घालेल? आणि इथे फॅन्सची गंमत बघा, प्रत्येक नावावर परत तीच भांडणं, गंडी म्हातारा, ब्रोमला अनुभव नाही, डोरेन म्हणजे कोण? किफिनला परत आणा म्हणणारे पण होते, ज्याच्यासाठी गाद्या जाळल्या होत्या तोच. 'नको' म्हणायला सगळे एका मिनिटात एकत्र आले होते, 'हा हवा' म्हणायला दोन माणसं एकत्र नव्हती. ग्रूडन सोडून, आणि तो येणार नव्हता.

गुरुवारी करी लॉस एंजेलिसमध्ये वॉशिंग्टन स्टेटच्या माइक लीचला भेटला. लीच म्हणजे अवलिया, पासिंग गेमचा बादशहा, प्रेस कॉन्फरन्समध्ये फुटबॉल सोडून बाकी सगळ्यावर बोलणारा. फॅन्समध्ये त्याच्या बाजूने बरेच होते, या एका नावावर कदाचित जमलंही असतं. पण शुक्रवारी १ डिसेंबरला करीला परत बोलावून घेतलं आणि सस्पेंड केलं, नोकरीला लागून आठ महिने. पुढे २५ लाख डॉलर देऊन त्याचा हिशोब चुकता केला. आणि त्याच दिवशी त्याच्या खुर्चीत बसला कोण, तर फिलिप फुल्मर.

म्हणजे फॅन्सनी कोच निवडला नाही, पण कोच निवडणारा निवडला. लोकांना जल्लोष करायला एवढं पुरे होतं.

७ डिसेंबरला फुल्मरने जेरेमी प्रुइटला आणलं, अलाबामाचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, हेड कोच म्हणून एक दिवसाचाही अनुभव नाही. लक्षात घ्या, कागदावर प्रुइट शियानोपेक्षा सरस नव्हता. शियानोने अकरा वर्षं स्वतःची टीम चालवली होती. पण प्रुइट आपल्या भागातला, दक्षिणेतल्या हायस्कूलांमधून पोरं कशी गोळा करायची हे माहीत असलेला, आणि मुख्य म्हणजे फुल्मरने आणलेला, त्यामुळे कोणी चूं केलं नाही. हेच नाव करीने आणलं असतं तर? मला नाही वाटत ते सोमवार बघतं.

मग काय झालं ते थोडक्यात. २०१८ ला ५-७. २०१९ ची सुरुवातच जॉर्जिया स्टेटसारख्या छोट्या टीमकडून घरच्या मैदानावर हरून, पण शेवटच्या सहा मॅच जिंकून ८-५. त्या जोरावर सप्टेंबर २०२० मध्ये प्रुइटचा करार वाढवला, पगारही वाढवला, आणि तो सीझन गेला ३-७. १८ जानेवारी २०२१ ला त्याला हाकललं ते हरल्यामुळे नाही, म्हणजे अधिकृतपणे तरी नाही, रिक्रूटिंगमधल्या म्हणजे पोरं गोळा करण्यातल्या भानगडींमुळे, एक पैसा बायआउट (मधूनच काढल्याची भरपाई) न देता. फुल्मरही त्याच दिवशी निवृत्त. जुलै २०२३ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा निकाल आला, सगळ्यात गंभीर श्रेणीतले १८ नियमभंग, वेगवेगळे प्रकार दोनशेच्या वर, खेळाडूंना आणि घरच्यांना मिळून साधारण ६० हजार डॉलरची बेकायदा खैरात, विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून जास्त दंड, प्रुइटवर सहा वर्षांचे निर्बंध, आणि त्याच्या काळातले काही विजय रेकॉर्डमधून पुसले.

यावरून 'बघा, शियानोला घेतलं असतं तर' असं म्हणणारे भेटतात. थांबा जरा. शियानो तिथे जिंकला असता याला काहीही पुरावा नाही, अर्धं राज्य पहिल्या दिवसापासून विरोधात असताना पोरांच्या आईबापांच्या घरी जाऊन तो काय सांगणार होता? आणि त्या वर्षी बाजारात असलेली बाकीची मोठी नावं बघा. स्कॉट फ्रॉस्ट, तेव्हाचा सगळ्यात हॉट कोच, नेब्रास्काला गेला, १६ जिंकल्या ३१ हरल्या, २०२२ ला नारळ. मलनला फ्लोरिडाने २०२१ ला काढलं. जिम्बो फिशर टेक्सस ए अँड एमला गेला, त्याला २०२३ मध्ये काढताना साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायची वेळ आली. फ्लोरिडा स्टेटने घेतलेला विली टॅगर्ट दोन सीझनसुद्धा पूर्ण टिकला नाही. म्हणजे ज्यांनी शांतपणे, पद्धतशीर, लोकांच्या टाळ्या घेऊन कोच आणले त्यांचं पण फार काही भलं झालं नाही. कोच निवडणं हे निम्मं जुगार आहे, फॅन असो की डायरेक्टर, पत्ते कोणालाच दिसत नाहीत.

शियानोचं पुढचं मात्र मजेशीर आहे. २०१९ च्या शेवटी त्याचं जुनं कॉलेज रटगर्स कोच शोधत होतं, त्याच्याशी बोलणी चालू होती आणि ती फिसकटली. तर तिकडचे फॅन्स आणि देणगीदार खवळले, हाच पाहिजे म्हणून असा गोंधळ घातला की आठवड्याभरात कॉलेज परत टेबलावर आलं आणि डिसेंबरमध्ये आठ वर्षं, ३ कोटी २० लाख डॉलर अशा कराराने त्याला घेतलं. तोच माणूस, दोन वर्षांच्या अंतराने एका गर्दीने घालवला, दुसऱ्या गर्दीने आणला. पेन स्टेटच्या त्या जबानीत या दोन वर्षांत एका शब्दाचा फरक पडलेला नव्हता. रटगर्सच्या लोकांनी त्याला अकरा वर्षं जवळून पाहिलं होतं, टेनेसीच्या लोकांनी त्याला दुपारभर गूगल केलं होतं, मला तरी फरक एवढाच दिसतो.

आणि टेनेसी? जानेवारी २०२१ ला डॅनी व्हाइट नवा डायरेक्टर म्हणून सेंट्रल फ्लोरिडातून आला आणि काही दिवसांत स्वतःचाच तिथला कोच जॉश हायपल याला उचलून घेऊन आला. फॅन्सची प्रतिक्रिया? थंड. एवढा शोध-शोध म्हणून शेवटी आपल्याच ओळखीचा माणूस आणला, सेंट्रल फ्लोरिडात तर दरवर्षी खालीच चालला होता, असं बरंच काही. पण ना दगड रंगला ना आमदार बोलले. काही अंशी लोक दमले होते, चौकशीचं सावट डोक्यावर होतं, मोठं कोणी येणार नाही हे कळत होतं. आणि काही अंशी व्हाइटने नाव बाहेर फुटूच दिलं नाही, चर्चेला दुपार मिळालीच नाही. हायपलने २०२२ ला ११-२ केलं, १५ ऑक्टोबरला अलाबामाला ५२-४९ हरवलं, २००६ नंतर पहिल्यांदा, आणि लोकांनी गोलपोस्ट उपटून टेनेसी नदीत नेऊन टाकला. २०२४ ला टीम प्लेऑफमध्येही गेली, म्हणजे नॅशनल चॅम्पियनशिपच्या बाद फेरीत.

त्यामुळे २०१७ च्या रविवारचे शिलेदार आता छाती काढून सांगतात की आम्ही शियानोला अडवलं म्हणून हायपल आला. हा हिशोब म्हणजे फारच ओढूनताणून आहे राव, मध्ये प्रुइट, एनसीएए, ८० लाखांचा दंड आणि चार वर्षं गायब करावी लागतात. त्यापेक्षा लीचवाली चर्चा मला जास्त प्रामाणिक वाटते. ज्या २०१८ च्या सीझनला टेनेसी ५-७ होती त्याच सीझनला लीचने वॉशिंग्टन स्टेटला ११-२ नेलं होतं. करीला अजून एक दिवस दिला असता तर, यावर नॉक्सव्हिलचे लोक आजही वाद घालतात, लीच डिसेंबर २०२२ मध्ये वारला तेव्हा तर परत नव्याने घातला. मी त्यात लीचच्या बाजूने आहे. पण खरं सांगायचं तर तो आला असता आणि पहिल्या वर्षी ५-७ झाला असता, तर दुसऱ्या नोव्हेंबरला ग्रूडनचं विमान परत ट्रॅक झालं असतं, तो रेडर्सकडे असला तरी.